कॉलेजात राज्याच्या धोरणांवर चर्चा घ्यायची आहे, पण दर वेळी भांडणच होतं

माणदेशी_पोरगा
सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एस.वाय.बी.ए.ला आहे, विषय अर्थशास्त्र. आम्ही काही जण शनिवारी शेवटच्या तासानंतर जमायला लागलो. राज्य सरकारच्या एकेका धोरणावर बोलायचं असं ठरलं होतं. पहिला विषय आरक्षण घेतला. पंधरा मिनिटांत दोन गट पडले, त्यातले दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. मग कर्जमाफी घेतली, तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच चाललं आणि बाकीचे मोबाईलमध्ये. मुली तर आता येतच नाहीत, त्यांची साडेतीनची गाडी चुकते म्हणे. त्यात प्राचार्यांचं "राजकारण गेटच्या बाहेर". विषय कसे निवडायचे? कुणी असं काही चालवलंय का?

लिंबूटिंबू
भावा, एक वक्ता बोलवा, शाल-श्रीफळ द्या, फोटो काढा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजला श्रेणी देणाऱ्या परिषदेच्या, फायलीला लागतो, प्राचार्य खूश. चर्चा टपरीवर करा, तिथे इतिवृत्त कुणी मागत नाही.

खरडवही
लिंबूटिंबू म्हणतात ते खोटं नाही. फाईल आम्हीही भरतो.

मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते आणि असा एक गट सांभाळते. आरक्षणावर तुमची पोरं भांडली यात नवल काय? त्यावर प्रत्येक जण घरूनच मत घेऊन येतो, आणि वर्गात बसून पडताळून बघता येईल असं हाताशी काही नसतं. विषय निवडताना मी दोनच गोष्टी बघते. त्याचा शासन निर्णय मिळतो का, आणि तो जिथे राबवला जातो त्या खिडकीपर्यंत पोरांना चालत जाता येतं का.

तुमचा विषय तर तुम्हीच लिहून बसलाय. साडेतीनची गाडी! एसटीचा विद्यार्थी पास घ्या. सवलत ६६.६७ टक्के, म्हणजे दहा दिवसांचं भाडं भरून महिनाभर प्रवास. पाचवी ते बारावीच्या मुलींना मात्र अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत. आता बारावी झालेली मुलगी त्याच थांब्यावरून, त्याच गाडीने कॉलेजला येते आणि एफ.वाय.ला तिला तिसरा हिस्सा भरावा लागतो. दुसरीकडे २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. मग बी.ए.च्या मुलीचा पास का नाही? रेघ बारावीवरच का ओढली? मोफत पासाचे पैसे महामंडळाला कोण देतं, आणि वेळेवर देतं का? इथे आवाज चढवून काही मिळत नाही, कागद उघडावाच लागतो.

पहिला अर्धा तास आमच्याकडे मत द्यायला बंदी असते, नुसतं वाचन. मग चिठ्ठ्या टाकतो: कुणी वित्त विभागाचा सचिव, कुणी आगार व्यवस्थापक, कुणी मुलीची आई. सगळ्यांत जास्त घाम सचिवाला फुटतो. त्याला नुसतं "पैसे नाहीत" म्हणून सुटता येत नाही, कुठल्या लेखाशीर्षात, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कुठल्या खात्यात, नाहीत ते दाखवावं लागतं. मोठ्या आवाजाच्या पोराला मुद्दाम आईची चिठ्ठी द्या. चिठ्ठ्यांत थोडी लबाडी चालते.

तुम्ही सांगलीचे, म्हणून दुसरा विषय रोजगार हमी, म्हणजे गावात काम मागेल त्याला सरकारने काम द्यायची योजना. कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, सुरुवातीचा प्रयोग तुमच्याच तासगाव तालुक्यातला. मग १९७२ चा दुष्काळ, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. देशाचा कायदा यायला २००५ उजाडलं. पण मी कायद्यापासून सुरुवात करत नाही, पगारपत्रकापासून करते. एका पोराने वडिलांचं आणलं होतं, निव्वळ पगाराची ओळ नीट आत दुमडून. ते बाकावरून बाकावर फिरलं. कपातीत "व्यवसाय कर २००". फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीला पैसा उभा करायला बसवला, हे त्या वडिलांनाही माहीत नव्हतं. पगारदाराच्या खिशातून दुष्काळी गावातल्या मजुराची मजुरी, असा तो सौदा होता. आज तो पैसा किती तिकडे जातो, हा प्रश्न पोरांनी स्वतःहून काढला आणि अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडली. (माझा हा कर कापला जात नाही. २०२३ पासून महिलांना महिना पंचवीस हजारांपर्यंत माफ आहे, आणि तासिका तत्त्वावर पंचवीस हजार मी अजून पाहिलेले नाहीत.)

प्राचार्यांना अर्ज देताना विषय "एसटी पास सवलतीचा अभ्यास" असा लिहा. आणि शनिवारची दुपार सोडा, मधल्या सुट्टीत बसा. निम्मा वर्ग ज्या वेळेला येऊच शकत नाही, ती कसली चर्चेची वेळ?

घंटी_डबल
मी निवृत्त कंडक्टर. मॅडमनी लिहिलंय ते बरोबर, पण पास हातात असला म्हणून गाडी मिळते असं नाही. यात्रेला जादा गाडी काढायची म्हटली की पहिला हात गावच्या फेरीवर पडतो. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, गर्दी वाढली, गाड्या काही त्या मानानं वाढल्या नाहीत. भरलेली गाडी थांब्यावर थांबत नाही, आणि खाली राहतात ती पासवाली पोरंच. तुमच्यातल्या एकानं आठवडाभर थांब्यावर वही घेऊन उभं राहावं. गाडी किती वाजता आली, थांबली का, किती जण खाली राहिले. एवढंच लिहा. आमच्या ट्रीपशीटवर गाडीत बसलेल्याची नोंद असते, राहिलेल्याची नसते.

माणदेशी_पोरगा
काका, हे भारी आहे, सोमवारपासून वही सुरू करतो. मॅडम, हे सगळं लिहून काढलं तर द्यायचं कुणाला? आगारात?

खरडवही
दोन वेगळी पत्रं करा. गाडीची वेळ आणि न थांबण्याचं आगार व्यवस्थापकाला, सोबत काकांनी सांगितलेल्या वहीची झेरॉक्स. ते त्यांच्या हातातलं आहे. बारावीची रेघ त्यांच्या हातात नाही, ते धोरण आहे. त्याचं पत्र आमदारांना, आणि अधिवेशनाच्या बरंच आधी, कारण तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं) आयत्या वेळी देता येत नाही. पत्रात भाषण नको, एकच प्रश्न, एका पानात. दोन्हीकडे आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. आगाराकडून काहीच आलं नाही, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात त्याच फेरीच्या रद्द दिवसांची यादी मागा.