'स्कूल डिस्ट्रिक्ट'ला मराठीत काय म्हणाल?

अनुजा: अमेरिकेतल्या मोंटानामधल्या खेड्यातल्या एका शाळेवरचा लेख मराठीत आणतेय. "आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये 11 मुलं आहेत" या वाक्याशी दोन दिवस अडलेय. 'शालेय जिल्हा' लिहिलं की डोळ्यापुढे कलेक्टर कचेरी आणि एसटी स्टँड उभं राहतं. अख्ख्या जिल्ह्यात 11 मुलं?

झेडपीमास्तर: 'केंद्र' चालेल का? आपल्याकडे तालुका, बीट, केंद्र, शाळा अशी उतरंड आहे. आमच्या केंद्रात दहा-बारा शाळा.

पांथस्थ: नाही चालणार, मास्तर. केंद्र वरून आखून दिलेलं असतं, केंद्रप्रमुख शिक्षक नेमू शकत नाही की कर बसवू शकत नाही. तिकडे गावकरीच बोर्ड निवडून देतात. ते बोर्ड शिक्षक नेमतं, घरा-जमिनीवरच्या करातून खर्च भागवतं. मोंटानात आठवीपर्यंतच्या शाळेचा डिस्ट्रिक्ट हायस्कूलच्या डिस्ट्रिक्टहून वेगळाही असू शकतो. त्यामुळे एका खोलीची शाळा आणि बोर्डावरचे मोजके ट्रस्टी, एवढ्यातही डिस्ट्रिक्ट पुरा होतो. आणि हवाईत सगळं राज्य मिळून एकच डिस्ट्रिक्ट! म्हणजे या शब्दात आकार नाहीच, अधिकार आहे. (आपला 'जिल्हा'ही मूळ अरबी. अर्थ बाजू, बरगडी. पण आता त्याला कलेक्टर चिकटलाय तो चिकटलाय.)

झेडपीमास्तर: मग तलाठी आपल्या हद्दीतल्या गावांना सजा म्हणतो तसं 'शाळा सजा'?

अनुजा: सर, "आमच्या शाळा सजेत 11 मुलं"! उरलेली पळून गेली असणार.

सुमतीकाकू: आमची आई 'बोर्डाची शाळा' म्हणायची. झेडप्या 1962 साली आल्या, त्याआधी लोकल बोर्ड, स्कूल बोर्ड होती ना. शब्द घरातलाच आहे.

पांथस्थ: काकू, शब्द झकास, पण आता बोर्ड म्हटलं की दहावी-बारावी. माझं मत 'शाळापंचायत'. निवडून आलेले पंच, कर बसवायचा अधिकार, जीव छोटा. ग्रामपंचायत ज्याला कळते त्याला हेही कळेल.

अनुजा: "आमच्या शाळापंचायतीत 11 मुलं." बसतंय! आता पुढचा खडा: लेखात डिस्ट्रिक्ट 'कन्सॉलिडेट' होणार आहे. विलीनीकरण?

झेडपीमास्तर: आमच्या शाळेचा पट 9 वर आला तेव्हा कागद आला, त्यात 'समायोजन' लिहिलं होतं. गावात कुणी तो शब्द उच्चारला नाही. "शाळा उठली" म्हणाले. हजेरीपट, घंटा आणि दोन सतरंज्या मी टेंपोत घालून पलीकडच्या गावी पोचवल्या.

पांथस्थ: 'उठली' जबरदस्त आहे, पण इथे जपून. आधी डिस्ट्रिक्ट उठतो, शाळा मागे राहू शकते. 1940च्या आसपास सगळ्या अमेरिकेत लाखाच्या वर डिस्ट्रिक्ट होते, आज साधारण 13 हजार. नेब्रास्का राज्याने कायदा करून फक्त प्राथमिक शाळा चालवणारे आपले सगळे डिस्ट्रिक्ट 2006 मध्ये मोठ्यांत मिसळले. त्याच नोव्हेंबरात मतदारांनी तो कायदा मोडीत काढला, पण तोवर डिस्ट्रिक्ट गेलेच होते. 'शाळापंचायत मोडली' लिहा. शाळेला कुलूप लावायचं की नाही, हे ठरवणारे पंच आता दुसऱ्या गावचे, एवढं त्यातून कळलं पाहिजे.

झेडपीमास्तर: 'मोडली' बरोबर. सतरंज्यांचं नंतर बघू.