आधी वचन उघडा, मतदान नंतर

भाऊ, सोलापुरात तुमच्या ख्रिस्ती मंडळीत टाळ-मृदंगावर उपासना सुचवताच सभा तापली, असं लिहिलंत. अथेन्समध्ये प्रेषित पौलाचं ऐकूनही तेच झालं (बायबल, प्रेषितांची कृत्ये १७:३२-३४): काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, काहींनी विश्वास ठेवला. त्या ‘पुन्हा ऐकू’ म्हणणाऱ्या मधल्यांना धरा. त्याच सभेत मतदान घेतलं की तेच बिथरतात.

त्याच पुस्तकात अध्याय १५ मधला सुंतेचा वाद बघा: यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का? आधी भरपूर वादविवाद, मग प्रेषित पेत्राचा अनुभव, बर्णबा-पौलाची साक्ष, शेवटी यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याने लावलेलं संदेष्ट्यांचं वचन. निर्णयाचं पत्र नुसतं धाडलं नाही; तोंडी समजवायला यहूदा (बर्सबा) आणि सीला हे दोघे सोबत दिले. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण फळ्यावरच्या नोटिशीने वडीलधारी दुखावतात. तुम्हीही तुमच्यातल्या दोघांना घरोघरी पाठवा, स्तोत्र १५० सोबत वाचा. डफ आणि झांजा त्यात आहेतच.