मदत हवी आहे: लँडिंग गिअरचा हायड्रॉलिक पंप कुठे मिळेल? (तातडीचं)

एकपंखी
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. विमानाची चाकं तेलाच्या दाबाने आत-बाहेर करणारा, म्हणजे गिअरचा हायड्रॉलिक पंप गेलाय, बदलायचा आहे. विमानाचं किट विकणाऱ्यांना विचारलं तर "सध्या शिल्लक नाही, आला की कळवतो", आणि मग सामसूम. दुसऱ्या एका विक्रेत्याने फोटो मागवले, पाठवले, तर त्याने भलत्याच पंपाचं कोटेशन धाडलं. विमान जॅकवर उभं आहे, हवामान आत्ता कुठे उघडलंय आणि मी हँगरमध्ये बसून मोबाइल चाळतोय. कुणाला माहीत असेल तर सांगा. वापरलेला चालेल. तत्त्वज्ञान नको, पत्ता हवा.

पाना_१३
कुठलं विमान?

तेलकट
विमान कुठलं, सिस्टिम १२ व्होल्टची की २४ ची, पंपावरची पट्टी वाचता येते का, तेल कुठलं घालता? आणि मुळात "गेलाय" म्हणजे काय झालंय? मोटर फिरतच नाही, फिरते पण प्रेशर येत नाही, की प्रेशर येतं पण टिकत नाही? तिन्ही आजार वेगळे आहेत. त्यातला एकच बहुतेक वेळा पंपाचा असतो.

स्वानंदी
माझ्याकडे पॅडल दाबलं की खाली बसायचं. मास्टर सिलिंडरची ओ-रिंग बदलली, कॅलिपरकडून खालून वर तेल भरत हवा काढली, काम झालं. खालून वर भरा, वरून भरलं तर हवा कोपऱ्यात अडकून राहते. पंप बदलायची गरज पडणार नाही.

एकपंखी
@स्वानंदी ब्रेकचा विषय नाहीये हो.
@पाना_१३ लँकेअर ३२०, किटमधून बांधतात ते. अजून कुठलं असणार?
@तेलकट १२ व्होल्ट. पट्टीवरची अक्षरं तेलाने पुसली गेलीत, "१०८" तेवढं दिसतं. गिअर वर घेतला की थोड्या वेळाने पंप आपोआप पुन्हा चालू होतो, बंद होतो, पुन्हा चालू. मेकॅनिकने बघितलं आणि म्हणाला पंप गेला. तेल लाल आहे.

दर्यावर्दी
१०८ म्हणजे ऑइलडाइन कंपनीचा असणार. अहो, मग शोधताय कशाला? त्याच जातीचा पंप बोटीच्या इंजिनाचा ट्रिम (तिरपेपणा) वर-खाली करायला वापरतात. बोटीचं सामान विकणाऱ्याकडे जा, घेऊन या, बसवा. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं चालतो तो, तुमच्या कोरड्या विमानात त्याला काय होणार आहे? विमानाचं नाव काढलं की किंमत फुगते, बाकी आत तेच.

वाऱ्यावरची
आत तेच नसतं, दर्यावर्दी. कवच तेच असतं. १०८ च्या पुढे जो लांबलचक कोड असतो त्यात पंपाचा आकार, व्हॉल्व्हची मांडणी, रिलीफ (जास्तीचं प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह) किती प्रेशरला उघडणार, मोटर किती व्होल्टची आणि टाकी कुठली हे सगळं ठरतं. लँकेअर ३२० मध्ये चाकं वर धरून ठेवायला यांत्रिक कुलूप नाही, नुसत्या तेलाच्या प्रेशरवर ती वर राहतात. प्रेशर स्विच जिथे मोटर बंद करतो त्याच्या खालीच रिलीफ उघडणारा पंप बसवलात तर स्विच कधी बंदच होणार नाही, मोटर फिरत राहील. ही मोटर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेली असते, सतत चालली तर जळते. उलट बाजूचंही तेच: चाकं खाली येताना वजन मदतीला असतं म्हणून त्या बाजूचं प्रेशर मुद्दाम कमी ठेवतात. तिथे जास्तीचं प्रेशर आलं की सगळा ताण ब्रॅकेट आणि सांध्यांवर.

दर्यावर्दी
रिलीफ बदलता येतो ना. मी बदललेला आहे.

वाऱ्यावरची
बोटीवर?

दर्यावर्दी
हो, बोटीवर. तेलाला काय कळतं बोट आहे की विमान!

तेलकट
तुमचं भांडण चालू द्या, पण धागाकर्त्याच्या वर्णनात पंप गेल्याचं एकही लक्षण मला दिसत नाही. पंप परत परत चालू होतो म्हणजे तो प्रेशर बनवतोय आणि ते कुठून तरी निसटतंय. बाहेर तेल दिसत नसेल तर आतल्या आत, चाकं वर घेणाऱ्या बाजूकडून खाली सोडणाऱ्या बाजूकडे. संशयित चार: सिलिंडरच्या पिस्टनची ओ-रिंग, इमर्जन्सी डंप व्हॉल्व्ह (तो उघडला की दोन्ही बाजू एक होतात आणि चाकं आपल्या वजनाने पडतात, तो नीट बंद होत नसेल तरी हाच खेळ), पंपातला चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा), आणि सिस्टिममधली हवा. पंपाचा नंबर तिसरा लागतो.

कसं शोधायचं: २००० पीएसआयपर्यंतचा गेज घ्या. आधी डंप व्हॉल्व्ह उघडून प्रेशर पूर्ण काढा. मग पंपाच्या चाकं वर घेणाऱ्या बाजूच्या तोंडाला फक्त गेज लावा, सिलिंडरकडे जाणारी लाइन सोडवून टोपी लावून ठेवा. त्या अवस्थेत पंप क्षणभर चालवा. काटा वर जाऊन तिथेच थांबला तर पंप आणि त्याचा चेक व्हॉल्व्ह ठणठणीत आहेत, चोर पुढे आहे. काटा सरकत खाली आला तर मात्र पंप उघडायचा.

गळती शोधताना पाइपवरून हात फिरवू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी तेलाची धार कातडी फोडून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि हात गमवायची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. आणि चाकांच्या खाली कुणी बसू नये, प्रेशर गेलं की ती पडतात.

पक्कड
वाचतोय. तेलकट यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

मुक्तपवन
म्हणूनच मी म्हणतो, चाकं आत घ्यायचा हा हव्यास कशाला? आरव्हीवाले (तीही किटचीच विमानं) बघा, चाकं बाहेर ठेवून मस्त वेगात जातात. पंप नाही, स्विच नाही, तेल नाही, आणि चाकं न सोडता उतरायची भीतीही नाही. विमानं डिझाइन करणाऱ्या बर्ट रुटानने आपल्या लाँग-ईझी विमानात पुढचं एकच चाक आत घेतलं, तेही हाताने हँडल फिरवून. शहाणा माणूस.

पाना_१३
मुक्तपवन, तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता. माणसाकडे विमान आहे, त्याला चाकं आत जाणारी आहेत. आता काय त्याने ती वेल्ड करून टाकायची?

मुक्तपवन
मत मांडलं. हलके घ्या.

एकपंखी
मला पंपाचा पत्ता हवा होता, परीक्षेचा पेपर नको होता. 😐
तरी गेज मागवून घेतला. मोटरचा आवाज मंद येतो, हे सांगायचं राहिलं. आणि कधी कधी गिअर पूर्ण वर जातच नाही, अर्ध्यात थांबतो. आता तरी पंप गेला असं म्हणाल ना?

तेलकट
नाही म्हणणार. मोटर मंद म्हणजे आधी वीज बघा. मीटर थेट पंपाच्या टर्मिनलवर लावा, बॅटरीवर नाही, आणि पंप चालू असताना बघा. बंद असताना बॅटरी कायम छानच दिसते. चालू असताना आकडा १० च्या खाली गेला तर रिले, अर्थची वायर, टर्मिनलवरची गंज. काळ्या वायरचं दुसरं टोक जिथे बसतं ते खोलून बघा, तिथे बोल्टखाली हिरवट-पांढरा थर असतो बहुतेक. तुमच्यासारख्या कंपोझिट (फायबर आणि रेझिनच्या) विमानात अंग धातूचं नसल्यामुळे परतीचा करंट वायरनेच आणावा लागतो, आणि ती वायर बांधणाऱ्याने बारीक घातली असेल तर संपलं. हे सगळं ठीक निघालं तर मोटरचे ब्रश.

विमान तुम्हीच बांधलंय ना? मग वायर किती जाडीची घातली ते तुम्हाला माहीत असेल.

एकपंखी
मी नाही बांधलेलं. विकत घेतलंय. बांधणाऱ्या गृहस्थांनंतर मी तिसरा मालक.

वाऱ्यावरची
अहो! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. म्हणजे आत कुठला पंप, कुठला रिलीफ आणि कुठलं तेल, हे कुणालाच माहीत नाही. होमबिल्टमध्ये, म्हणजे हौशी माणसाने स्वतः बांधलेल्या विमानात, "लँकेअर ३२०" या नावाला अर्धाच अर्थ असतो, उरलेला अर्धा बांधणाऱ्याच्या डोक्यात. बिल्डर्स लॉग (बांधणीची नोंदवही) मिळाला का तुम्हाला? त्यात पंपाच्या खरेदीची पावती असेल तर पूर्ण कोड तिथे मिळेल. पट्टीवर अक्षरं गेली असली तरी टॉर्च तिरपा धरून बघा, ठोकून उमटवलेली असतील तर सावली पडते.

आणि "तेल लाल आहे" याने काहीच ठरत नाही. विमानाचं नेहमीचं हायड्रॉलिक तेल एमआयएल-एच-५६०६ लाल असतं, विमानाचंच दुसरं तेल ८३२८२ लाल असतं, गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफही लाल असतं.

दर्यावर्दी
एटीएफ घालायला काही हरकत नाही. मी घालतो. सीलला चालतं.

तेलकट
चालतं, पण थंडीत ५६०६ जितकं पातळ राहतं तितकं राहत नाही. वर गारठ्यात गिअर खाली सोडताना ते कळतं. खरा धोका वेगळाच. मधल्या कुठल्या तरी मालकाने "हायड्रॉलिकचंच आहे" म्हणून गाडीचं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक फ्लुइड टाकीत ओतलेलं असतं. ते ग्लायकॉलचं असतं, त्याला ईपीडीएम रबर लागतं. ५६०६ च्या सिस्टिममध्ये ओ-रिंगा नायट्राइल रबराच्या असतात, त्या ग्लायकॉलमध्ये फुगून मऊ पडतात. आधी पिस्टन जड चालतो, मग कडा फाटतात आणि आतून गळायला लागतं. जड चाल आणि गळती, दोन्ही लक्षणं तुमच्याकडे आहेत म्हणून म्हणतो.

टाकीच्या तळातून थोडं तेल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि रात्रभर न हलवता ठेवा. ग्लायकॉल आणि खनिज तेल एकजीव होत नाहीत. सकाळी दोन थर दिसले की समजा.

शेपटीवाला
मी तर म्हणतो, सरळ पायपर ॲरो या कारखान्यात बनलेल्या विमानाचा पॉवर पॅक (मोटर, पंप, टाकी एकत्र) बसवा. तिथेही गिअर प्रेशरवरच वर राहतो, म्हणजे तत्त्व तेच. शिवाय सर्टिफाइड भाग, दुरुस्ती करणारेही बरेच. होमबिल्टला सर्टिफाइड भागच लागतो ना, कायद्याने?

वाऱ्यावरची
नाही लागत. अमेरिकेत ॲमॅच्युअर-बिल्ट (म्हणजे होमबिल्ट) विमानाला असा पंप मान्यताप्राप्तच हवा अशी अट नाही. पण वेगळ्या जातीचा पंप बसवला तर विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्ये (उड्डाणाच्या अटींच्या कागदात) मोठ्या बदलाबद्दल काय लिहिलंय ते वाचावं लागतं, लॉगमध्ये नोंद करावी लागते आणि वजन वाढलं-घटलं तर वेट अँड बॅलन्स (वजन आणि तोलाचा हिशोब) नव्याने मांडावा लागतो. बाकीच्या देशांत तिथले नियम. ॲरोचा पॅक बसवायला ब्रॅकेट, लाइन, स्विच, वायरिंग सगळं नव्याने करायचं, तेही अजून काय बिघडलंय ते कळलेलं नसताना.

एकपंखी
बाटली ठेवली होती. खाली पिवळट थर, वर लाल. मध्ये रेघ आखल्यासारखी सीमा. पंपाला नुसता गेज लावून बघितलं, काटा जागेवर राहिला, चहा पिऊन आलो तरी तिथेच. टर्मिनलवर पंप चालू असताना ११ च्या वर व्होल्ट.

मेकॅनिकला फोटो पाठवला. त्याने फक्त अंगठा पाठवला.

तेलकट
मग वीज संशयातून सुटली, पंपाचा चेक व्हॉल्व्हही सुटला. मोटर मंद होती ती पिस्टन जड चालतात म्हणून, तिच्यावर भार आहे. आता तिन्ही सिलिंडर उघडायचे, डंप व्हॉल्व्ह उघडायचा, सगळ्या ओ-रिंगा नव्या. एमएस२८७७५ (ओ-रिंगांचा मानक क्रमांक) मालिकेच्या नायट्राइलच्या घ्या, माप जुन्या रिंगवरून घेऊ नका, ती फुगलेली आहे. खाचेचं माप घ्या. लाइन धुऊन पूर्ण सुकवायच्या, रबरी अस्तराचे होसपाइप असतील तर टाकून द्यायचे, टेफ्लॉनचे असतील तर ठेवता येतील. फिटिंगच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचा तुकडा निसटून चेक व्हॉल्व्हच्या बैठकीत बसला की परत याच धाग्यावर याल.

एकपंखी
म्हणजे पंप ठेवू?

तेलकट
पंपाच्या आतही सील आहेत आणि तेही त्याच मिश्रणात भिजलेत. आज प्रेशर धरतोय म्हणून वर्षभर धरेल असं नाही. सील किट घालून ओव्हरहॉल करून घ्या. इंडस्ट्रियल हायड्रॉलिक्सची कामं करणारी कुठलीही नीट वर्कशॉप करेल, रिलीफ किती प्रेशरला उघडतो ते बेंचवर मोजून लिहून घ्या म्हणजे झालं. तो आकडा हातात आला की नवा पंप कुठूनही मागवता येईल, अगदी दर्यावर्दींच्या दुकानातूनही.

दर्यावर्दी
शेवटी आलातच बोटीवर.

वाऱ्यावरची
आकडा जुळला तर माझीही हरकत नाही. फक्त नव्या पंपाची तोंडं बघून घ्या: पाइप थ्रेड (निमुळते आटे) आहे की ओ-रिंग बसणारं सरळ आट्याचं तोंड. आणि विमानाच्या एएन मानकाच्या फिटिंगचा कोन ३७ अंशांचा असतो, गाडीच्या दुकानात मिळतं ते बहुधा ४५ चं. हाताने घट्ट बसतं, गळतं नंतर.

एकपंखी
लॉगची फाइल मागच्या मालकाकडे आहे म्हणे, फोन केलाय. ओ-रिंगा मागवल्या. सिलिंडर उद्या उतरवतो.

स्वानंदी
ब्रेकच्या टाकीतही तेच ब्रेक फ्लुइड घातलं नाही ना त्याने? तिथलं तेलही बाटलीत काढून बघा.

तेलकट
+१. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पक्कड
सगळे जाणकार इथे जमलेच आहेत तर विचारून घेतो. माझ्या ग्लासएअर विमानाचा गिअर खाली येतो, पण चाकं पक्की खाली बसल्याचे जे तीन हिरवे दिवे असतात त्यातला एक कधी लागतो, कधी नाही. काय असेल?

पाना_१३
नवा धागा काढा. आणि ग्लासएअर कुठली, ते पहिल्या ओळीत लिहा.