तंबाखू नाही, नुसती सुपारी. मग कॅन्सर कसा?

हडपसरकर
हडपसर, मगरपट्ट्याच्या टपऱ्यांवर बरेच जण ‘बिनतंबाखूची’ म्हणून सुपारी-चुना चघळतात. त्यात निकोटीन नाही, मग धोका कशातून? तिशीतच तोंड कमी उघडायला लागलं, तर त्याचा कॅन्सरशी काय संबंध?

पेशीशास्त्र
निकोटीन व्यसन लावतं. तंबाखूत कॅन्सर घडवणारी मुख्य द्रव्यं म्हणजे नायट्रोसामाइन्स, आणि सुपारीतल्या अरेकोलीनपासूनही लाळेत नायट्रोसामाइन्स बनतात. त्यात चुना पडला की पीएच चढतो, सुपारीतल्या पॉलिफेनॉल्सपासून ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू सुटतात. ते डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक असलेल्या ग्वानीनचं ऑक्सिडीकरण करतात. असं बिघडलेलं ग्वानीन समोर आलं, की डीएनएची नक्कल करताना सायटोसिन या अक्षराच्या जागी अ‍ॅडेनीन बसू शकतं. दुरुस्तीआधी पेशी विभागली, तर चूक कायमची. अशी एखादी चूक पुरत नाही. टीपी५३सारखी विभाजनाला लगाम घालणारी जनुकंही निकामी व्हावी लागतात, म्हणून मध्ये वर्षं जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूविनाही, गट १ मध्ये टाकलं: माणसात कॅन्सर करते हे सिद्ध.

मुखरोग
तोंड आखडणं म्हणजे बहुधा सबम्युकस फायब्रोसिस. अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजन, म्हणजे धाग्यांसारखं प्रथिन, जास्त बनतं. सुपारीतलं तांबं लायसिल ऑक्सिडेज या विकराला जोर देतं, कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट जखडतात आणि शरीराला ते मोडता येत नाहीत. वरचं अस्तर पातळ होतं, तिखट लागलं की जळजळ होते, आणि याच अस्तरात पुढे कॅन्सर होऊ शकतो.

घरी पाहा: स्वतःची तीन बोटं एकावर एक, उभी, पुढच्या दातांमध्ये जातात का? दोनच गेली तर तपासणी हवी. मग भरपूर उजेडात जीभ रुमालाने धरून बाजूला ओढा, कडा आणि जिभेखालची जागा बघा. पांढऱ्या चट्ट्यापेक्षा मखमली लाल चट्टा जास्त घातक. दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेची बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) करा. नुसती मलमं लावत बसण्यात मोलाचा वेळ जातो. बायोप्सीने कॅन्सर पसरतो या भीतीपायी कृपया थांबू नका.

हडपसरकर
सुपारी सोडल्यावर तपासणी बंद केली तर चालेल?

मुखरोग
नाही. सोडल्याने पुढचं नुकसान टळतं, पण जखडलेलं कोलॅजन सहसा सुटत नाही आणि डीएनएतल्या झालेल्या चुका पुसल्या जात नाहीत. दर सहा महिन्यांनी तोंड दाखवत राहा. तोंड उघडण्याचे व्यायाम रोज हवेतच.