वर्कशॉपमधलं बोलणं व्हॉट्सॲपवरून हलवायचं तर कुठं? (मशीन शॉप, गोकुळ शिरगाव)

उचगावची

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीची कागदपत्रं आणि डिस्पॅच, दोन्ही माझ्याकडं आहे. साठेक माणसं, दोन शिफ्ट. कास्टिंग (ओतीव भाग) शिरोलीहून येतं, आम्ही मशिनिंग करून पुढं पुण्याकडं पाठवतो.

सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. प्रॉडक्शनचा ग्रुप, क्वालिटीचा, डिस्पॅचचा, टूल रूमचा, मग 'फक्त अर्जंट', आणि 'फक्त अर्जंट'मध्ये वाढदिवस साजरे व्हायला लागले म्हणून काढलेला 'अति अर्जंट'. त्यातही परवा कुणीतरी जोतिबाच्या पालखीचा व्हिडिओ टाकलाय. चांगभलं, पण तिथं कशाला?

मूळ दुखणं सांगते. मागच्या महिन्यात कस्टमरच्या इंजिनिअरनं एका हाउसिंगच्या ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आमच्या परचेसवाल्याला त्याच्या स्वतःच्या नंबरवर पाठवली. त्यानं ती लगेच प्रॉडक्शन ग्रुपवर ढकलली. बोअरचा, म्हणजे आतल्या भोकाचा, टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) बदलला होता, बाकी ड्रॉइंग तेच. त्याच्यामागोमाग स्टोअरकीपरच्या मुलीचा दहावीचा निकाल आला, पन्नासभर अभिनंदनं आली, मग कुणाच्या तरी चलनाचा तिरका फोटो. रात्रपाळीचा सेटर आला, त्यानं निकाल बघितला, अंगठा दिला आणि जुन्या प्रिंटवर मशीन लावलं. सकाळपर्यंत पीस बोअर गेजला नापास. "ग्रुपवर टाकलं होतं की," असं परचेसवाला म्हणतो, आणि टाकलं होतंच. पीडीएफचं नावसुद्धा नुसते आकडे, शोधायचं तरी काय लिहून?

आता धाकटे साहेब म्हणतात स्लॅक नावाचं टीम चॅटचं ॲप घेऊ, त्यांचे पुण्यातले मित्र तेच वापरतात. मोठे साहेब म्हणतात काय करायचं ते करा, पण ते स्वतः फक्त व्हॉइस नोट पाठवतात. चालत्या गाडीतून. "ते कालचं जरा बघून घे गं," एवढंच, मागं ट्रकचा हॉर्न. कालचं कुठलं, हे मी ओळखायचं.

मला विचारायचंय ते असं: आमच्यासारख्या ठिकाणी हे टीम चॅटचं ॲप खरंच कुणी चालवलंय का? ऑपरेटर निम्मे बिहार-ओडिशाचे, फोनमध्ये जागा नाही. कस्टमरची माणसं व्हॉट्सॲप सोडणार नाहीत. आणि ऑफिसातले आम्ही सातआठ जण सोडून बाकीच्यांना ईमेल आयडीच नाही. आयटी कंपनीतली उत्तरं नकोत, प्लीज. तिथं सगळे लॅपटॉपसमोर बसलेले असतात.

राजारामपुरी ७वी गल्ली

कशाला नवीन झंगट ताई? ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' करून टाका की. आमचं गुजरीत चांदीचं दुकान आहे, आम्ही तेच केलं. निकाल बंद, पालखी बंद.

उचगावची

दादा, ते करून बघितलं. मग सेटरला "मिळालं" म्हणून उत्तरही देता येत नाही, आणि गेज नापास झालं तर फोटो टाकता येत नाही. तो मला फोन करतो. रात्री दीडला.

शिरोलीची भट्टी

ताई, मी शिरोलीत फौंड्रीत आहे. कॉम्प्युटर, कॅमेरे, बायोमेट्रिक, प्रिंटरचा कागद अडकला तर तो, सगळं माझ्याच गळ्यात. आमच्यात हे चालू आहे आणि बऱ्यापैकी चाललंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी स्लॅकचं. ॲप चांगलं आहे, त्यात वाद नाही. पण फुकटातल्या प्लॅनमध्ये मागच्या ९० दिवसांचंच बोलणं दिसतं, आणि वर्षापेक्षा जुनं असेल ते तर पुसूनच टाकतात. ऑफिसातल्या गप्पांना चालेल. आपल्या धंद्यात कास्टिंग इथून गेलं, तुमच्यात मशिनिंग झालं, पुण्यात असेंब्ली झाली, गाडी रस्त्यावर पळाली आणि मग तक्रार येते की अमुक हीट नंबरच्या (भट्टीच्या एका घाण्याच्या) मालात ब्लोहोल, म्हणजे आत हवेच्या पोकळ्या, आहेत. तोवर ९० दिवस कधीच उलटून गेलेले असतात. पैसे भरले तर सगळं राहतं, पण दर माणशी, दर महिन्याला. साठ माणसांचा हिशेब मोठ्या साहेबांपुढं कोण ठेवणार?

आमच्यात झुलिप आहे. फारसं कुणी ऐकलेलं नसतं. ओपन सोर्स आहे, स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतं, २ जीबी रॅमचं लिनक्स मशीन लहान टीमला पुरतं. फक्त स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलं तर मोबाइलवरची नोटिफिकेशनं दहा जणांपर्यंतच फुकट, पुढं पैसे पडतात. त्यांच्याच क्लाउडवर फुकट घेतलं तर शेवटचे १०,००० मेसेज शोधता येतात. मॅटरमोस्टही स्वतःच्या सर्व्हरवर बसतं. तुमचं ईमेल झोहोवर असेल तर त्यांचंच 'क्लिक' (Cliq) नावाचं चॅट बघा, मायक्रोसॉफ्टचं पॅकेज असेल तर टीम्स त्यातच मिळत असेल. आधीच ज्याचे पैसे भरताय ते पहिल्यांदा बघायचं.

आम्ही झुलिप का घेतलं? त्यात प्रत्येक चॅनेलच्या आत प्रत्येक मेसेजला विषय द्यायचा असतो. पोरं आधी लई वैतागली. पण आम्ही ठरवलं, विषय म्हणजे पार्ट नंबर. संपलं. 'क्वालिटी' चॅनेलमध्ये एका पंप बॉडीचा विषय उघडला की तिचं वरपासून खालपर्यंत सगळं ओळीनं दिसतं. स्पेक्ट्रोचा (धातूत काय किती आहे त्याचा) रिपोर्ट, त्या दिवशी वाळूतला ओलावा किती होता, कोअरचा व्हेंट (हवा जायची वाट) बुजलेला त्याचा फोटो, पोअरिंगचं टेंपरेचर कमी पडलं म्हणून मेल्टिंगवाल्याशी झालेली बाचाबाची, आणि शेवटी पॅटर्नला (साचा ज्यावरून काढतात त्या नमुन्याला) काय दुरुस्ती केली. मधे कुणाचा निकाल नाही, कारण निकालाला पार्ट नंबर नसतो. आणि ज्याला निकाल टाकायचाय त्यानं 'चहा' नावाच्या चॅनेलमध्ये टाकावा. ते आम्ही मुद्दाम ठेवलंय. सगळ्यात जास्त तेच चालतं.

पण ताई, तुमचं रिव्हिजनचं दुखणं ॲपनं बरं होणार नाही, हे आधीच सांगतो. ड्रॉइंग हे मेसेजमध्ये राहायची वस्तूच नाही. ते सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये, एकाच माणसाच्या ताब्यात. जुनी रिव्हिजन तिथून काढून 'रद्द'मध्ये टाकायची, आणि मशीनवरचा जुना प्रिंट त्याच माणसानं हातात घेऊन फाडायचा. मेसेजमध्ये जाते ती फक्त लिंक आणि एक ओळ: काय बदललं, कुठल्या लॉटपासून. तुमचा कस्टमर आयएटीएफ १६९४९ (गाड्यांच्या भागांसाठीचं क्वालिटीचं स्टँडर्ड) मागत असेल तर ड्रॉइंग बदलल्याचं कळल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत ते तपासून झालं पाहिजे, आणि प्रॉडक्शनला कधी लागू केलं त्या तारखेची नोंद ठेवावी लागते. ऑडिटर ती नोंद मागतो तेव्हा व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट दाखवायची पाळी आली तर त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

दुसरं, सगळ्यांना हलवू नका. आमच्यात झुलिपवर आहेत ते शिफ्ट इंचार्ज, लॅब, मेल्टिंग, पॅटर्न शॉप, कोअर शॉपचा एक आणि ऑफिस. मोल्डिंग (साचे भरणं) आणि फेटलिंगची (कास्टिंग घासून साफ करणं) माणसं ठेकेदाराची, ती व्हॉट्सॲपवरच. त्यांना लागतं ते इंचार्ज तोंडानं सांगतो. सांगायलाच पाहिजे, त्याचाच तर पगार घेतो.

व्हॉट्सॲप काढून टाकायचा विचार तर करूच नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, आणि त्याच्या पुढं शिरोलीकडं कोण येऊ शकतं आणि कोण नाही याचा पत्ता नसतो. २०१९ ला आणि परत २०२१ ला हायवे पाण्याखाली गेला तेव्हा भट्टी बंद करायची का, अर्ध्या वितळलेल्या मालाचं काय करायचं, अलीकडं कोण पलीकडं कोण, सगळं त्याच ग्रुपवर झालं. अशा वेळी माणूस ज्या ॲपवर आधीच असतो तिथंच सापडतो.

आता खरी गोम. आमच्यात पहिल्या वेळी हे सगळं बसवलं आणि ढिम्म काही झालं नाही. सगळे झुलिपवर लिहायचे आणि मालक व्हॉट्सॲपवर विचारायचे, "त्या पंप बॉडीचं काय झालं?" की सगळे परत तिकडं पळायचे. मालक जिथं उत्तर देतात तिथंच माणसं बोलतात. शेवटी आमच्या जीएम साहेबांनी एक केलं. पार्टबद्दल कुणी व्हॉट्सॲपवर काही विचारलं की ते उत्तर तिकडं झुलिपवर द्यायचे आणि इथं नुसती लिंक टाकायचे. ना रागावले, ना नियमाचा कागद लावला. माणसांना दोनदा क्लिक करायचा कंटाळा येतो, ती आपोआप तिकडं गेली. तुमच्या मोठ्या साहेबांचं आधी बघा, ॲपचं नंतर.

पुण्यातला कोल्हापूरकर

आयटीवाला आहे, ताईंनी नको म्हटलंय तरी थोडक्यात लिहितो. ॲप कुठलंही घ्या, पहिल्या दिवशी रात्रीची नोटिफिकेशनं बंद करायला सगळ्यांना शिकवा. स्लॅकमध्ये वेळ लावून देता येते, बाकीच्यांतही असतं. मेसेज आत्ता लिहून सकाळी आठला जाईल असंही करता येतं. नाहीतर व्हॉट्सॲपवर निदान माणूस "बघितलं नाही" म्हणू शकतो, इथं नावापुढं हिरवा ठिपका दिसतो आणि साहेबाला वाटतं हा जागा आहे. आमच्यात रात्री अकराला "फक्त एक छोटंसं" असं लिहून येतं. सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा आपली सेटिंग आपणच बघायची.

उचगावची

शिरोलीवाले दादा, लई उपकार. पार्ट नंबरचा विषय ही गोष्ट मी आजच धाकट्या साहेबांना दाखवली, त्यांना पटलीय. फोल्डर माझ्या ताब्यात द्या म्हटलं, तेही हो म्हणाले. जुना प्रिंट फाडायचं काम मी फार आवडीनं करीन.

दोन अडचणी राहतात. एक, मोठ्या साहेबांची व्हॉइस नोट. त्यांना टाइप करा म्हणणं माझ्याच्यानं होणार नाही, ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. दुसरं, सेटर ॲपवर आला तरी ऑपरेटर नाही. पहिला पीस ओके झाला की नाही हे मशीनवर उभ्या असलेल्या पोराला कसं कळणार? तो बोअर गेज घेऊन माझ्या टेबलापर्यंत येतो, मी जेवायला गेलेली असते, आणि तो वाट बघत उभा.

शिरोलीची भट्टी

साहेबांना टाइप करायला लावू नका. त्यांची नोट आली की तुम्हीच एका ओळीत लिहा, "साहेब म्हणतात, अमुक पार्टचा बोअर परत तपासा," आणि ते त्या पार्टच्या विषयात टाका. खाली त्यांनी नुसता अंगठा दिला की झालं, ती त्यांची मंजुरी. कुठलं कालचं ते कळलं नाही तर तिथंच विचारा, चारचौघांत. दोनचार वेळा झालं की ते आपणहून पार्टचं नाव घ्यायला लागतील. आमचे लागले. हॉर्न मात्र अजून येतो.

ऑपरेटरचं असं करा. झुलिपमध्ये प्रत्येक विषयाला स्वतःची लिंक असते. तिचा क्यूआर कोड काढा आणि त्या पार्टच्या रूट कार्डवर (मालाबरोबर फिरतं ते कार्ड) छापा. लाइनवर एक स्वस्तातला टॅब ठेवा, इंचार्जच्या लॉगिननं. पोरानं कोड स्कॅन केला की शेवटचा मेसेज दिसतो, पहिला पीस ओके आहे की थांबायचंय. वाचता येत नसेल त्याच्यासाठी आम्ही हिरवं आणि लाल चिन्ह टाकतो, भाषेचा प्रश्नच नाही. आणि ओके द्यायचा अधिकार तुमच्याशिवाय अजून एकाला द्या, नाहीतर तुमचं जेवण कायम गारच.

सुरुवात एकाच पार्टनं करा, ज्याचं रिजेक्शन सगळ्यात जास्त आहे त्यानं. बाकीचे आपोआप विचारतील, आमच्या पार्टला कोड का नाही म्हणून.

हां, आणि ते रूट कार्ड लॅमिनेट करून घ्या. मशीन शॉपमध्ये कूलंट उडतो, साधा कागद दोन दिवसांत गळतो आणि कोड वाचत नाही.