एल्विस आणि त्याचा बँड

साथीला वाजवणाऱ्यांच्या आठवणी म्हणजे नुसतं गायकाचं कौतुक असतं असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटत, अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीच्या साथीला वाजवणाऱ्या टीसीबी बँडमधला गिटारिस्ट जेम्स बर्टन, त्याच्या मुलाखती ऐका एकदा, त्यात काम कसं चालायचं तेच जास्त कळतं. बर्टन आधी गायक रिकी नेल्सनबरोबर वाजवायचा, त्याच्या टीव्ही शोमध्ये दिसायचा, एल्विस तो शो त्याची गिटार ऐकायला बघायचा म्हणे, आणि 1969 मध्ये लास वेगासच्या शोसाठी बँड जमवताना एल्विसने स्वतः त्याला फोन केला. किती तास बोलत बसले दोघं! बर्टनची ती पेस्ली (कोयरीच्या नक्षीची) डिझाइनची गुलाबी टेलिकास्टर इलेक्ट्रिक गिटार स्टेजवर न्यायला त्याला धाकधूक होती, एवढी भडक गिटार एल्विसला चालेल का म्हणून, आणि त्याला तर ती जाम आवडली.

ड्रमर रॉनी टट तर कायम एल्विसकडे डोळे लावून असायचा, त्याने खांदा उडवला, हात झटकला की तिथेच ठोका पडलाच पाहिजे. गाण्यांचा क्रमही एल्विस ऐनवेळी बदलायचा त्यामुळे सगळ्यांनाच सावध राहावं लागायचं. आणि सोलो, म्हणजे गिटारने एकट्याने वाजवायचा भाग, आला की भर स्टेजवर जेम्सचं नाव घेऊन त्याला वाजवायला सांगायचा हो, लोकांना वादकाचं नाव कळायचं! मला तर हे फार मोठं वाटतं, आपल्याकडे कितीतरी रेकॉर्डवर वादकांची नावंच नाहीत.

1970 चं लाइव्ह रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका, फक्त ड्रम आणि गिटारकडे लक्ष देऊन.