मात्रा की प्रमाण?

मास्तर (दारव्हा): २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी पोरांचा तक्ता बनवतोय. शीर्षक दिलं, 'रक्तातील औषधाची मात्रा मोजणारा प्रकाशतंतू संवेदक'. एका पालकानं तिथंच अडवलं, "सर, मात्रा तं उगाळून चाटवतात, मोजता कायले?" शब्द बदलू का?

लॅबवाले: बदला. पोटात देतो ती मात्रा, रक्तात सापडतं ते प्रमाण. मिरगीवरचं फेनिटॉइन घ्या. रक्तात दर मिलिलिटरला साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम असावं लागतं. एकच मात्रा घेणाऱ्या दोघांत प्रमाण वेगळं निघतं. वर मात्रा जराशी वाढवली तरी प्रमाण कधीकधी एकदम उसळी मारतं. दोन्हीला एकच शब्द वापरला तर ही गोष्ट सांगणार कशी?

पऱ्हाटी: हिंदी शेजारी, म्हणून आपल्याकडे 'पाण्यात फ्लोराइडची मात्रा' सर्रास चालतं. 'खताची मात्रा' मात्र चोख मराठी, कारण ती आपण देतो. माती तपासणीच्या कागदावर असतं ते नत्राचं प्रमाण. शेतकऱ्याच्या पोरांना हेच उदाहरण द्या, भाऊ.

मास्तर: पटलं. आणि 'तंतू'? पोरं म्हणतात फायबर लिहा.

पऱ्हाटी: गावात फायबर म्हणजे न्हाणीघराचा दरवाजा! कापसाच्या मुलखात तंतू कोणाला समजवावा लागत नाही. फक्त हा काचेचा, हे लिहा.

मास्तर: अजून एक अडलंय. काचेच्या गाभ्यावरचं आवरण थोड्या भागात काढतात, तिथं प्रकाश पृष्ठभागाबाहेर काहीशे नॅनोमीटरच पोचतो. पुस्तकी शब्द 'क्षयमान तरंग'. क्षय म्हटलं की पोरांना टीबी आठवतो.

लॅबवाले: 'प्रकाशाची ओल' म्हणा ना. पाण्याच्या पाटाला काठाशी ओल असते, दूर गेलं की कोरडं. त्या ओलीत प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक पदार्थालाच धरणारी प्रथिनं, चिकटवलेली असतात. रक्तातलं किंवा लघवीतलं औषध त्यांनी धरलं की आतला प्रकाश बदलतो, तो बदल मोजायचा. (ओल शब्द परीक्षेत लिहू नका म्हणावं.)

पऱ्हाटी: लघवीत गांजा शोधायचा असेल तर 'औषध' नको, 'अंमली पदार्थ' लिहा. इंग्रजीत दोन्ही ड्रगच. संवेदक, सेन्सर काहीही चालेल.

मास्तर: नवा तक्ता: 'रक्तातील औषधाचं प्रमाण सांगणारा काचतंतू'. त्या पालकाला दाखवला. म्हणाले, "आता बरोबर. पन 'प्रमाण'वरचा रफार पोरानं कायले देला?"